चावी नसलेलं घड्याळ

आमच्या होस्टेलमध्ये मनगटी घड्याळ ही तशी निरुपयोगी वस्तू आहे. वेळ मोबाईल सांगतो, जेवणाची वेळ मेसमधला वास सांगतो आणि सबमिशनची वेळ टळून गेल्यावर सर सांगतात. तरीही गेल्या वर्षभरात मी एका घड्याळामागे जेवढे तास घातले तेवढे थिअरी ऑफ मशीन्सच्या जर्नलमागे घातले असते तर... असो! पण रॅचेट, पॉल आणि एक्सेंट्रिक हे तीन शब्द मला पुस्तकाने नाही, त्या घड्याळाने शिकवले. म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या खात्यावर जमा कराव्यात, ही विनंती.)

घड्याळ बाबांचं. सिको ५, ऑटोमॅटिक. बाबा मस्कतला फिटर होते तेव्हा १९९९ मध्ये त्यांनी ते घेतलं. कोकणात आमच्या पट्ट्यात गल्फहून आलेल्या माणसाच्या हातात सिको नसेल तर लोक संशयाने बघायचे म्हणे. परत आल्यावर बाबांनी हायवेजवळ फॅब्रिकेशनची शेड टाकली. ग्राइंडर, वेल्डिंग, हातोडा सगळं चालू आणि हातात हे घड्याळ. काचेवर ओरखडे भरपूर, पण बंद पडल्याचं मला आठवत नाही. चार वर्षांपूर्वी एकदा सर्व्हिसिंग करून आणलं होतं तेवढंच.

गेल्या जूनमध्ये बाबा अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर, खुर्ची, पडवी. जुलैमध्ये फोनवर म्हणाले, "अरे, घड्याळ चावी धरत नाहीये. रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद." चुलतभाऊ इकडे येणार होता, त्याच्याबरोबर घड्याळ पाठवून दिलं. मी मेकॅनिकलचा ना! घरच्यांच्या मते मिक्सरपासून विमानापर्यंत सगळं आपल्या सिलॅबसमध्ये असतं.

आता 'चावी धरत नाही' म्हणजे काय, ते आधी सांगतो. साध्या घड्याळाला आपण बटण फिरवून चावी देतो, म्हणजे आतली मेनस्प्रिंग गुंडाळतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम आपला हात करतो. आत अर्धचंद्राच्या आकाराचा जड रोटर असतो. हात हलला की तो मधल्या बेअरिंगभोवती फिरतो आणि त्याच्या फिरण्यातून स्प्रिंग गुंडाळली जाते. बाबांच्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर ७एस२६ असं कोरलंय. हा त्याच्या मशीनचा नंबर. सिकोने हे मशीन १९९६ मध्ये आणलं. २१ ज्यूएल, तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला ६, आणि पूर्ण चावी असेल तर साधारण ४१ तास चालतं. यातली गंमत म्हणजे याला बटण फिरवून चावी देताच येत नाही. म्हणून तर सिको ५ चं बटण ३ च्या जागी न ठेवता ४ कडे सरकवून केसमध्ये लपवलंय. रोज हात लावायचं कारणच नाही! बटणाने फक्त काटे आणि तारीख-वार लावायचे. खायला घालायचं ते हातानेच.

कल्पना जुनी आहे. १७७७ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या अब्राहम-लुई पेरलेने खिशातलं घड्याळ असं बनवलं होतं. (मान त्याला द्यायचा की ह्युबेर सार्तोंला, यावर जाणकार अजून भांडतात.) जिनिव्हाच्या मंडळींनी त्याबद्दल नोंदवून ठेवलं होतं की १५ मिनिटं चाललं की घड्याळ ८ दिवस चालतं. १५ मिनिटं चालणं. हे वाचलं तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

तर, घड्याळ माझ्याकडे आलं. पहिली चूक मी तिथेच केली. जोरजोरात हलवलं, सुरू झालं, टेबलावर ठेवलं. पाच-सहा तासांनी बंद. निष्कर्ष: स्प्रिंग गेली! शहरातल्या एका चकचकीत दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने घड्याळ कानाला लावलं, दोनदा हलवलं आणि म्हणाला, "मशीन गेलंय. क्वार्ट्झ टाकून देतो, सेल घाला आणि विसरा." सिकोच्या केसमध्ये क्वार्ट्झ! बाबांना कळलं असतं तर त्यांनी मला वेल्ड करून ठेवलं असतं. परत आणलं.

मग सरळ स्वतःच्या हातात बांधलं. आणि काय? नऊ दिवस घड्याळ एकदाही थांबलं नाही. रात्री काढून ठेवायचो, सकाळी चालूच. मी फोन करून अभिमानाने सांगितलं, "बाबा, काही झालेलं नाही, थोडं अडकलं असेल, आता ठीक आहे." गणपतीला घरी गेलो. विसर्जनाच्या दिवशी रात्री ८ वाजता माझ्या हातातलं काढून बाबांच्या हातात बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने कुंभार्ली घाट चढून परत आलो.

पाचव्या रात्री ते थांबलं.

इथे बाबांचं कौतुक केलं पाहिजे. फिटर माणूस, तोंडी तक्रार करत नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद सुरू केली. सकाळी उठून बंद घड्याळाचे काटे जिथे असतील ती वेळ त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची. बंद पडलेलं घड्याळ आपल्या बंद पडण्याची वेळ स्वतःच सांगतं, त्यासाठी रात्री जागायला लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी ते कॅलेंडर बघितलं. पहिली नोंद पहाटे ३ ची. त्यानंतर रोज सकाळी हलवून सुरू करायचं आणि रात्री परत बंद: ११.५०, १२.४०, २.१५, १२.२०... दोन महिने! मी मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि घड्याळ पुन्हा घेऊन आलो.

या वेळी जुन्या बाजारपेठेत गेलो. तिथे एका जिन्याखाली दोन फुटांचं टेबल टाकून एक घड्याळजी काका बसतात. (नाव छापू नको म्हणालेत.) त्यांनी घड्याळ हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो घड्याळाबद्दल नव्हताच. "घालतं कोण?" मी म्हटलं, बाबा. "करतात काय?" मी म्हटलं, शेड आहे फॅब्रिकेशनची. त्यांनी मान डोलावली. मी खरं उत्तर दिलं नाही हे मला तेव्हा कळलंच नाही.

मग काकांनी मला जे शिकवलं ते इथे देतो, कारण ज्याच्याकडे ऑटोमॅटिक घड्याळ आहे त्याला हे कधी ना कधी लागणारच.

"आधी पोट बघायचं, मग तोंड," काका म्हणाले. घड्याळ लवकर थांबतं याचे अर्थ दोन. एकतर पोट बिघडलंय: खाल्लेलं टिकत नाही, किंवा टिकतं पण अंगाला लागत नाही. नाहीतर पोट चांगलं आहे, पण खायलाच मिळत नाही. दुकानदार आणि मी, दोघांनीही ते हलवून बघितलं होतं. हलवण्यात दोन्ही गोष्टी एकदम तपासल्या जातात, म्हणजे खरं तर एकही तपासली जात नाही. हलवल्याने चावी भरली किती हेच माहीत नसेल, तर सहा तास चाललं हे कमी की जास्त, कसं ठरवणार? आपल्या लॅबच्या भाषेत, इनपुट न मोजता आउटपुटवरून एफिशियन्सी काढायची. (आपण काढतोही म्हणा, पण ते जर्नलपुरतं.)

म्हणून रोटरला मध्ये घ्यायचंच नाही. काकांनी मागचं झाकण उघडलं, रॅचेट व्हीलच्या स्क्रूवर बारीक स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवला. क्लिकचा कट-कट आवाज. आठेक फेऱ्यांनंतर स्प्रिंग भरल्याचं हाताला कळतं. ऑटोमॅटिकची स्प्रिंग बॅरलच्या भिंतीला अडकवलेली नसते. तिच्या बाहेरच्या टोकाला एक जास्तीचा तुकडा असतो, तो भिंतीला दाबून धरतो आणि पूर्ण भरल्यावर घसरतो. नाहीतर दिवसभर हात हलवणाऱ्याने स्प्रिंग तोडूनच टाकली असती. १८६३ मध्ये आद्रियां फिलिपने याचं पेटंट घेतलं होतं. हा तुकडा भरण्याआधीच घसरायला लागला, भिंतीवरचं ग्रीस खराब झालं, तर 'पोट' बिघडलं. हे कृपया होस्टेलवर करू नका. स्क्रूड्रायव्हर सटकला तर तो जाऊन पडतो थेट बॅलन्सवर, आणि मग खरोखरच मशीन जातं.

शुक्रवारी संध्याकाळी ७ ला पूर्ण चावी दिलेलं घड्याळ मी खोलीत टेबलावर, डायल वर करून ठेवलं. रूममेटला शपथ घातली की हात लावायचा नाही. रविवारी दुपारी दीडला थांबलं. साडेबेचाळीस तास! पोट ठणठणीत. स्प्रिंग चांगली, चाकं चांगली, तेल चांगलं. क्वार्ट्झवाल्याचं मशीन 'गेलेलं' नव्हतं.

म्हणजे दोष तोंडात. तोंड म्हणजे रोटरपासून रॅचेट व्हीलपर्यंतची साखळी. रोटर आधी बघितला: घड्याळ उभं धरून कलंडवलं की रोटर आपोआप खाली पडला पाहिजे, कुठे अडता कामा नये. झाकणाच्या आतून घासल्याची चकाकती रेघ असेल तर बेअरिंग ढिलं झालंय. इथे दोन्ही ठीक होतं.

पुढची साखळी मात्र सावकाश समजून घेण्यासारखी आहे. रोटर एक छोटं चाक फिरवतो. त्या चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक पिन आहे, म्हणजेच एक्सेंट्रिक. पिनवर एक पातळ, चिमट्यासारखा लिव्हर बसतो आणि त्याची दोन बोटं पुढच्या चाकाच्या करवतीसारख्या दात्यांना दोन बाजूंनी टेकलेली असतात. पिन फिरली की लिव्हर पुढे-मागे होतो. पुढे जाताना एक बोट दात्याला ढकलतं, मागे येताना दुसरं बोट दात्याला ओढतं, आणि चाक दोन्ही वेळा एकाच दिशेने सरकतं. ते चाक रॅचेट व्हीलला फिरवतं, रॅचेट स्प्रिंगला गुंडाळतं, आणि क्लिक काही उलटं फिरू देत नाही. सिकोने १९५९ मध्ये हा प्रकार काढला आणि नाव दिलं मॅजिक लिव्हर. मला नाव फिल्मी वाटलं होतं. भिंगातून बघितल्यावर वाटलं, बरोबर आहे.

मी लगेच हुशारी दाखवली. "काका, एक बोट काम करत नसेल. म्हणजे एका दिशेने रोटर फिरला की चावी बसत असेल, दुसऱ्या दिशेने नाही." काकांनी लाकडी काडी माझ्या हातात दिली. "फिरव आणि बघ." मी रोटर उजवीकडे फिरवला, रॅचेटच्या स्क्रूची खाच हळूहळू सरकली. डावीकडे फिरवला, तेवढीच सरकली. माझं डायग्नोसिस खलास. काका काही न बोलता चहा प्यायला गेले.

रात्री खोलीवर जर्नलच्या मागच्या पानावर आकृती काढत बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एक्सेंट्रिक कोणत्याही दिशेने फिरवा, लिव्हर पुढे-मागेच होणार! सायकलचं पॅडल उलटं मारलं तरी गुडघा वर-खालीच होतो, तसं. दिशा तिथेच संपते. त्यामुळे एक बोट निकामी झालं तर दिशा जाणार नाही. दोन्ही दिशांना निम्मी चावी बसेल. ज्या घड्याळांत रिव्हर्सिंग व्हील्स असतात, स्विस ईटीए २८२४ सारखी, तिथे माझा प्रश्न बरोबर होता. तिथे एक रिव्हर्सर चिकटला की एका दिशेची चावी जाऊ शकते. त्यांना बटणाने चावीही देता येते, आणि चावी देताना आतला रोटर पंख्यासारखा गरगर फिरायला लागला तर रिव्हर्सर अडकलाय असं समजायचं. पण तो नियम सिकोला लावला की माझ्यासारखी फजिती होते.

आता 'निम्मी' म्हणजे कशाच्या निम्मी? कंपनीचा आकडा माझ्याकडे नव्हता. पण रूममेटकडे सिको ५ आहे, तेच ७एस२६ मशीन, आणि मागे काच. त्याचं घड्याळ नेहमीप्रमाणे ड्रॉवरमध्ये मरून पडलेलं होतं. (वाढदिवसाचं गिफ्ट, फक्त फोटोपुरतं घालतो.) मी ते उभं धरलं आणि स्टिअरिंगसारखं हातातल्या हातात फिरवलं. रोटर जड असल्यामुळे खालीच राहतो आणि घड्याळ त्याच्याभोवती फिरतं, म्हणजे एक फेरी. अशा ५० फेऱ्या मारल्या आणि काचेतून रॅचेटच्या खाचेचं आधीचं आणि नंतरचं चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी काकांकडे बाबांच्या बंद घड्याळावर त्याच ५० फेऱ्या. खाच रूममेटच्या घड्याळाच्या मानाने जेमतेम निम्मी सरकली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

"आता भिंग लाव," काका म्हणाले. रोटर अगदी सावकाश फिरवला. रूममेटच्या घड्याळात करवतीचं चाक जवळपास सतत सरकत होतं, दोन टोकांना क्षणभर थबकायचं तेवढंच. बाबांच्या घड्याळात मात्र ते अर्धा वेळ सरकायचं आणि अर्धा वेळ उभं. ओढणारं बोट दात्यांवरून नुसतं तरंगत होतं. किंचित, केसाएवढं बाहेर वाकलेलं. काकांच्या मते चार वर्षांपूर्वी ज्याने सर्व्हिसिंग केलं त्याने लिव्हर परत बसवताना हे केलं. चाक बसवताना दोन्ही बोटं फाकवून धरावी लागतात, आणि घाईत एखादं जास्त फाकतं. घड्याळ चालू लागलं, गिऱ्हाईक खूश, विषय संपला.

पण मग चार वर्षं ते चाललं कसं? हा प्रश्न मला झोपू देईना. आणि याचं उत्तर बाबांच्या कॅलेंडरमध्ये होतं.

गणपतीत मी पूर्ण भरलेलं घड्याळ रात्री ८ ला बाबांच्या हातात बांधलं. पाचव्या रात्री, म्हणजे पहाटे ३ ला ते थांबलं. एकूण १०३ तास. यातले ४२ तास आधीच पोटात होते. म्हणजे १०३ तासांत बाबांच्या हाताने दिले फक्त ६१. दिवसाला काढलं तर साधारण १४ तासांची चावी. घड्याळाला दिवसाला लागते २४ तासांची, म्हणजे रोज १० तासांची तूट. ४२ चा साठा रोज १० ने खर्च केला की चार दिवसांत संपतो. मेसच्या डिपॉझिटसारखंच आहे हे. साठा संपल्यावर मग रोज सकाळी हलवून चार-पाच तासांची उधारी आणि मध्यरात्रीच्या आसपास दिवाळं. कॅलेंडरवरच्या सगळ्या नोंदी यात बसत होत्या! हिशेब ढोबळ आहे, पण मला व्हायव्हात दहापैकी दहा मिळाल्यासारखं वाटलं.

हा आनंद दोन मिनिटं टिकला. कारण हेच घड्याळ, हेच वाकडं बोट घेऊन, जूनपर्यंत बाबांच्याच हातात चार वर्षं एकदाही थांबलं नव्हतं. म्हणजे तेव्हा निम्म्या चावीतही दिवसाला किमान २४ तास भरत होते. माझ्या हातातही भरत होते; कॉलेज, मेस, कॅरम, लॅब असा हात चालूच असतो. जास्तीची चावी घसरून वाया जाते, त्यामुळे घड्याळ कधी सांगत नाही की मला गरजेपेक्षा किती जास्त मिळतंय. फॅक्टर ऑफ सेफ्टी दोन-अडीच असेल तर त्यातला निम्मा गेला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. वाकडं बोट चार वर्षं बाबांच्या हातोड्यामागे लपून बसलं होतं. जूनमध्ये बदललं होतं ते घड्याळ नव्हे.

प्लास्टर ऑगस्टच्या शेवटीच निघालं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. दिवाळीत मी चार दिवस घरी होतो आणि बाबा पडवीतल्या त्याच खुर्चीत होते. शेड चुलतभाऊ बघत होता. मी कॅलेंडरचा फोटो काढला, पण खुर्ची बघितली नाही. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "करतात काय?"

आता खरा पेच. लिव्हर बदलला तर १४ चे होतील २८, आणि २४ ला ते पुरतात. म्हणजे बाबा खुर्चीत बसूनसुद्धा घड्याळ चालेल. तक्रार मिटेल! घरात दुसरं कोणी बाबांना 'तुम्ही हलत नाही' असं सांगू शकत नाही. आईने सांगून बघितलं होतं, तिला उत्तर मिळालं होतं की पाय दुखतो. एक घड्याळ तेवढं रोज न चुकता सांगत होतं, आणि मी ते दुरुस्त करणार होतो. दोन दिवस मी घड्याळ तसंच ठेवलं. मग वाटलं, ज्या माणसाने आयुष्यभर मिलिमीटरचा अर्धा भागही चुकू दिला नाही त्याला जाणूनबुजून वाकडी वस्तू द्यायची? हे काही बरोबर नाही. काकांकडे एका जुन्या ७एस२६ मशीनमधला चांगला लिव्हर होता. तो बसवला. परत ५० फेऱ्या, खाच रूममेटच्या घड्याळाएवढी सरकली. (काकांनी किती पैसे घेतले ते लिहीत नाही, नाहीतर उद्या अर्धं होस्टेल त्यांच्या जिन्याखाली.) जुना लिव्हर मी कागदाच्या पुडीत घालून घड्याळाबरोबर पाठवला आणि सोबत हिशेबाचं पान.

पान मिळाल्यावर बाबांचा फोन आला.

"हे १४ काय आहे?"

मी सांगितलं. जूनच्या आधी याच हिशेबाने किमान २४ होते तेही सांगितलं. बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

"म्हणजे घड्याळापेक्षा मीच जास्त बिघडलोय म्हण की."

"तसं नाही बाबा..."

"आणि हा लिव्हर बदललास कशाला? सरळ करता आला असता. चिमट्याने धरून इतकंसं दाबलं की झालं. फुकट पैसे घालवलेस." आणि फोन ठेवला.

हे जानेवारीतलं. तेव्हापासून घड्याळ थांबलेलं नाही. त्यात विशेष काही नाही, २८ म्हटल्यावर थांबायला नकोच. पण परवा आईचा फोन आला होता. बाबा हल्ली संध्याकाळी काठी घेऊन शेडपर्यंत जातात, अर्धा तास तिथे स्टुलावर बसून चुलतभावाच्या वेल्डिंगमधल्या चुका काढतात आणि चालत परत येतात. जाणं-येणं मिळून दोन किलोमीटर तरी होतं. "फिरायला जाताय का, असं विचारलं तर चिडतात," आई म्हणाली. "मग मी विचारतच नाही. चप्पल घालताना स्वतःच सांगतात, जरा घड्याळाला चावी देऊन येतो."